धुतलेले कांदे

लिफ्टमध्ये माझ्या पायावर कांदा पडला आणि मी मराठीत करवादले, "डोळे फुटलेत का?" बंगळूरच्या महादेवपुऱ्यात, आमच्या ऑफिसच्या इमारतीत कोणाला कळणार, या भरवशावर. पण पिशवीवाला उंच माणूस हसला. "माफ करा... आम्ही निपाणीचे."

लाजेनं मेले मी. तो महांतेश. आठवडाभर बेळ्ळंदूरला कॉम्प्युटरपुढे, सुट्टीला के. आर. पुरमच्या पलीकडे, शिवाप्पा नावाच्या शेतकऱ्याकडून खंडानं घेतलेल्या जमिनीत कांदा. नोकरी सोडून कांदाच करायचा, हे त्याचं स्वप्न. पात पिवळी पडत होती म्हणून तो आमच्या पीकरोगांच्या प्रयोगशाळेत निघाला होता, आणि तिथं कांदे तपासणारी मीच. मला काही सापडलं नाही. पाणी स्वल्प कमी करा, म्हटलं.

मग तो दर शनिवारी यायला लागला. चकचकीत कांदे, इस्त्रीचा शर्ट, तिरकं हसू. नमुना ठेवून उगाच रेंगाळायचा, माझ्या कानडी वळणाच्या मराठीची टिंगल करायचा. घरी माझी अक्का म्हणायची, शनिवारी बरी वेणी घालतेस.

एका शनिवारी तो आलाच नाही. मला करमेना, म्हणून शेत बघायच्या निमित्तानं मीच गेले. डिसेंबरची थंडी, दवानं भिजलेली पात... आणि चुरगळलेला शर्ट, चिखलाचे पाय घेऊन तो समोर! बांधावर रोपांच्या जुड्या रचलेल्या. शेजारच्या शेतांत आज वाटायच्यात म्हणून येता आलं नाही, म्हणाला. मी हसत हसत पिवळ्या पातीचा एक कांदा उपटला.

हसू जागच्या जागी विरलं. मुळांवर कापसासारखी पांढरी बुरशी, तिच्यात खसखशीएवढे काळे दाणे. पांढरी सड. हे दाणे मातीत वर्षानुवर्षं जिवंत राहतात.

"इतके कांदे आणलेत, एकाच्याही मुळाला हे कसं नव्हतं?"

"मी धुऊन आणायचो... मुळं घासून," तो म्हणाला.

"नमुना कोणी धुतं का?"

"तुमच्या टेबलावर चिखल कसा ठेवायचा? समोर तुम्ही असायचात..."

रडावं की याला बदडावं, कळेना. रोग नळाखाली वाहून गेला होता, माझ्यापायी! आणि मी तरी कुठं कांद्याकडे बघत होते?

मग सगळं सांगणं आलं. कृषी खात्याला आजच कळवायचं, एकही रोप हलवायचं नाही, आणि या जमिनीत कित्येक वर्षं कांदा-लसूण लावायचा नाही. तो पांढराफटक पडला. मी फोन काढला, पण बोट चालेना. हा एक फोन केला की हा माणूस पुन्हा माझं तोंड बघणार नाही — असंच वाटत होतं.

त्यानं फोन माझ्या हातातून घेतला. कानडीत स्वतःचं नाव सांगितलं, शिवाप्पांचं सांगितलं, रोगाचं नाव मला विचारून सांगितलं. मग शेजाऱ्यांना एकेक करून कळवलं, रोपं न्यायला येऊ नका म्हणून. एकालाही वगळलं नाही.

शेवटी बांधावर मटकन बसला.

"सौम्या, कांदा तर संपला. आता शनिवारी तुझ्याकडे काय घेऊन येऊ?"

तुझ्याकडे, म्हणाला. मी त्याच्या शेजारी बसले, त्याचा चिखलानं माखलेला हात हातात घेतला.

"रिकाम्या हातानं ये," म्हटलं. "पण ये."