गजाभाऊंचा उजवा डोळा

“जी वस्तू उरलीच नाही, तिचा आकार कुठे उरतो?” आप्पाआजोबांनी कोडं घातलं.

शाल्मलीचं लक्ष नव्हतं. आजोबांच्या प्रयोगशाळेतल्या यंत्रमानवाचा, गजाभाऊंचा, उजवा डोळा फुटला होता. तसल्या काचा बनणं कधीच बंद झालेलं. शनिवारी तपासणी, एका डोळ्याचा यंत्रमानव थेट भंगारात!

“गजाभाऊ, डावा डोळा द्या,” आजोबा म्हणाले.

“म्हणजे उरलेलाही गेला!” गजाभाऊ कुरकुरले.

आजोबांनी डाव्या काचेला साबण फासून वर प्लास्टर थापलं. अर्ध्या तासाने ते अलगद निघालं. आत वाटीसारखा खळगा. झाला साचा (ज्यात ओतलं की आकार मिळतो).

शाल्मलीने तो उन्हात कडकडीत वाळवला आणि वितळलेलं मेण ओतलं. मेण असं चिकटलं की सुटेचना!

“प्लास्टरला बारीक छिद्रं असतात,” आजोबा हसले. “कोरडं असलं की ते मेण पितं. आधी पाणी पाजून त्याचं पोट भर.”

गजाभाऊंनी निमूटपणे पुन्हा डोळा पुढे केला.

नव्या, भिजवलेल्या साच्यात मेण ओतून शाल्मलीने वीस अंक मोजले आणि मधलं पातळ मेण ओतून काढलं. कडेला थिजलेलं तेवढं राहिलं, कवचासारखं.

“मेण बाहेरून आत थिजतं! जास्त मोजलं असतं, तर कवच जाड झालं असतं!”

मग कवच साच्यातून सोडवून त्याच्या आत-बाहेर प्लास्टर आणि वाळूचा गिलावा भरला. वाफ दिली, तसं मेण वितळून खालच्या फटीतून वाहून गेलं.

शाल्मली त्या फटीत डोकावली. “आजोबा, मेण गेलं, पण त्याची जागा राहिली. आकार तिथे आहे!”

आजोबांनी भट्टी पेटवली. “हं. आता तिथे काच जाईल.”

भट्टीत काचेचे तुकडे वितळून त्या जागेत उतरले. पुढे दोन दिवस भट्टी हळूहळू निववली. घाई केली, तर बाहेरची काच आधी आकसते, आतली मागे राहते आणि ओढाताणीत तडा जातो.

प्लास्टर फोडून, काच घासूनपुसून बसवली.

“एक बुडबुडा राहिलाय,” शाल्मली ओशाळली.

“राहू दे, ताई. भरदिवसा चंद्र दिसतोय!” गजाभाऊ म्हणाले.

शनिवारी तपासनीस बाईंनी गजाभाऊंना उजव्या डोळ्याने वर्तमानपत्र वाचायला लावलं. ते छोट्या जाहिरातींपर्यंत पोचले तरी थांबेनात.

“पुरे, पुरे! पास!” बाई हसल्या. “आमच्या भंगाराच्या गोदामात असे एका डोळ्याचे अकरा जण बसलेत. त्यांचेही डोळे कराल?”

“पाठवा,” शाल्मली म्हणाली. “पण येताना मेण आणायला सांगा.”