चंद्रावरचा बोटीचा धक्का

"बोट निघाली हो, बोट निघाली!
पाय सांभाळा, पोरं सांभाळा!
जाणाऱ्यानं एकदा मागं पाहावं,
राहणाऱ्यानं हात हलवावा!
...आणि ती निळ्या फ्रॉकवाली भिंगरी, कडेपासून मागं हो बघू!"

धक्क्यावरच्या भोंग्यातून हा आवाज यायचा, तेव्हा ही फ्रॉकवाली अजून शाळेतही जात नव्हती. सगळा धक्का हसून तिच्याकडे बघायचा. तेव्हापासून ती भिंगरीच झाली. पटावरचं नाव शाळेतच राहिलं.

आवाज आत्याचा होता. पुढं आत्याच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, "आवाज येईल, पण पहिल्यासारखा नाही. रोज थोडं थोडं बोलत जा." आत्या मात्र रोज थोडी थोडी गप्प होत गेली. धक्क्यावर यंत्र बोलायला लागलं. आत्या घरीच, आपल्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर टायपिंगची कामं करू लागली आणि तिचं सगळं बोलणं मानेवर आलं. खालीवर म्हणजे हो. आडवी मान तिनं कधी हलवलेली भिंगरीला आठवत नव्हती.

"भिंगरे! ए भिंगरे! जागी आहेस का? कुकर चंद्रावर आपटेल!"

भिंगरी दचकली. माडीवरच्या खोलीत, कॉम्प्युटरसमोर तिघं दाटीवाटीनं बसली होती. ओरडणारा तिचा चुलतभाऊ. कुठलीही वस्तू उघडून पाहिल्याशिवाय त्याला चैन पडत नसे, म्हणून तो उचापती. तिसरी शेजारच्या शिंपीणबाईंची मुलगी. ती तोंड उघडायची ते प्रश्न विचारायलाच, म्हणून ती शंका.

सुट्टी लागल्यापासून तिघांना 'अथांग'चं वेड लागलं होतं. हा खेळच तसा होता! एक यान घ्यायचं आणि हव्या त्या ग्रहावर जायचं. अमुकच कर, तमुकच कर, असं सांगणारं कुणी नाही. त्यात आणखी गंमत म्हणजे मॉड. खेळ बनवणाऱ्यांनी जे दिलं नाही ते आपण बनवायचं आणि खेळात बसवायचं. कुणी नवं जंगल बनवतं, कुणी नवा प्राणी. मग ते सगळ्यांसाठी ठेवून द्यायचं. ज्याला हवं त्यानं उतरवून घ्यावं.

उचापतीनं यानाच्या जागी चक्क कुकर बसवला होता! झाकण, दांडा, शिट्टी, सगळं साग्रसंगीत.

"पण तीन शिट्ट्या झाल्याशिवाय हा उडत का नाही?" शंकेनं विचारलं.

"कुकर म्हटल्यावर शिस्त नको? शिजल्याशिवाय उठायचं नाही!"

"आणि शत्रू आला तर?"

"त्यालाही जेवायला बसव!"

हसता हसता कुकर एका राखाडी चंद्रावर उतरला. इथला मॉड शंकेनं सकाळीच उतरवून घेतला होता. त्याच्याबद्दल बनवणाऱ्यानं एकच ओळ लिहिली होती, 'शांत जागा आहे, घाई असेल तर येऊ नका.' आणि स्वतःचं टोपणनाव दिलं होतं, खिडकी.

समोर बोटीचा धक्का होता. पाण्याचा थेंब नाही, हवा नाही, काळ्या आभाळाखाली लाकडी फळ्यांचा धक्का! खांबावर भोंगा. भोंगा खरखरला आणि...

"बोट निघाली हो, बोट निघाली! पाय सांभाळा, पोरं सांभाळा..."

भिंगरी पडद्याकडं झेपावली.

"आत्या!" ती ओरडली. "हा आत्याचा आवाज आहे!"

"चोरी!" उचापती उठून उभाच राहिला. "कुणीतरी हा आवाज चोरलाय! चला, तक्रार करू. उडव कुकर!"

पण कुकर कसला उडतो! पहिली शिट्टी झाली. दुसरी झाली. तिसरीला वेळ होता. तिघं हात चोळत बसली. भोंगा गप्प झाला होता. आणि अचानक, अगदी हळू, दुसराच एक आवाज आला. जाडाभरडा, दळण अर्धवट राहिलेल्या जात्यासारखा.

"कुणी थांबलंय का?"

तिसरी शिट्टी झाली, तरी भिंगरीनं कुकर उडवला नाही.

"हे बाकी कुणी ऐकलंच नसेल," शंका पुटपुटली. "आवाज संपला की सगळे निघून जात असतील. आपण कुकरमुळं अडकलो, म्हणून ऐकलं. पण हा दुसरा आवाज कुणाचा?"

"चोराचा!" उचापती म्हणाला.

भिंगरी धाडधाड जिना उतरली. हे आत्याला सांगायलाच हवं! पण स्वयंपाकघराच्या दारात तिचे पाय थबकले.

बाबा जेवत होते. ते बोट चालवायचे; दोन खेपांच्या मध्ये घरी येऊन जेवून जायचे. "रविवारी मीच तिला पलीकडच्या गावी सोडून येतो," ते आईला सांगत होते. "माझ्या ओळखीचं गोदाम आहे. नुसत्या पेट्यांची नोंद ठेवायची, दिवसभर कुणाशी बोलायला नको. राहायला खोलीसुद्धा देतायत. ताईसाठी याहून चांगलं काय असणार?"

आणि ताई, म्हणजे आत्या, तिथंच भिंतीशी बसून कपड्यांच्या घड्या घालत होती!

"बाबा, आत्याला विचारलंत?" भिंगरी म्हणाली.

"म्हणजे काय! विचारलं की. तिनं मान हलवली."

"तिची मान दुसरीकडं हलतच नाही!"

"भिंगरे, मोठ्यांच्या मध्ये बोलू नये," आई म्हणाली.

आत्यानं शेवटची घडी घातली, भिंगरीच्या गालावरून हात फिरवला आणि ती आत निघून गेली. तिचा गळा गेला होता, कान नव्हे. पण घरातली मोठी माणसं ते केव्हाच विसरली होती.

भिंगरी माडीवर परतली ती गाल फुगवून. "रविवारी आत्या जाणार," तिनं सांगितलं. "आणि तिला जायचंय की नाही, ते कुणालाच ठाऊक नाही."

"आधी चोर पकडू," उचापती म्हणाला. "मग बघू."

"चोर हा धक्का नीट ओळखणारा आहे," शंका पडद्याला नाक लावून म्हणाली. "हा आपलाच धक्का आहे. ती वाकडी पायरी बघा. तो चहावाल्याचा फाटका पडदा बघा. पण एक सांग, चहाच्या टपरीला मागची भिंतच का नाही?"

भिंगरीनं खेळातल्या कुकर चालवणाऱ्या माणसाला टपरीमागं नेलं. खरंच की! पुढच्या फळीवर खिळान् खिळा होता आणि मागं काहीच नव्हतं, नुसता करडा रंग. गोदामाचंही तसंच, बाकांचंही तसंच.

"आळशी आहे," उचापती म्हणाला.

"आळशी माणूस खिळे काढत बसत नाही," शंका म्हणाली. "त्याला मागची बाजू माहीतच नसेल तर? एकाच ठिकाणी बसून त्यानं सगळं पाहिलं असेल तर?"

मग तिघांनी धक्का पिंजून काढला. इथं उभं राहा, तिथं उभं राहा. कुठून ना कुठून तरी करडा रंग डोकवायचाच. शेवटी खांबामागं एक चौकोन सापडला. हवेतच टांगलेली एक नुसती खिडकी. तिच्यातून पाहिलं, तर सगळा धक्का भरलेला! करडं काहीच नाही. फक्त तिकिटाच्या पाटीवर 'तिकि' एवढंच दिसत होतं. पुढं खांब आडवा येत होता.

"खऱ्या धक्क्यावर या जागी काय आहे?" शंकेनं विचारलं.

भिंगरीला उत्तर ठाऊक होतं. पण ते सांगण्याआधी तिला स्वतः बघायचं होतं.

दुपारी तिघं धक्क्यावर पोचली. तिथले साहेब कमरेला चाव्यांचा जुडगा लावून हिंडायचे. पोरं त्यांना चावीसाहेब म्हणायची, अर्थात ते लांब गेल्यावर.

"ती घोषणेची खोली? तिथं काही नाही. मुलांना आत जायची परवानगी नाही!" चावीसाहेब गुरकावले.

"काही नाही, तर कुलूप कशाला?" शंकेनं सुरुवात केली. "आणि त्या कुलपाची चावी कुठली? ही का? मग ही लांब कुठली? हिला गंज कसा? गंजलेली चावी लागते का? लागत नसेल तर बाळगता कशाला? या सगळ्यांचं वजन किती होतं? पँट खाली येत नाही?"

"अगं बाई, तोंड आहे की पाणचक्की!" चावीसाहेबांनी हात टेकले. "हे घे, ही चावी! बघा आणि जा एकदाचे!"

खोलीत धूळ होती, माईकची रिकामी दांडी होती आणि खिडकीशी एक खुर्ची.

"हुकला नेम," उचापती खिडकीतून बघत म्हणाला. "मला 'तिकिटघर' पुरतं दिसतंय."

"तू उभा आहेस," भिंगरी म्हणाली, आणि खुर्चीत बसली.

पाटीवर खांब आडवा आला. 'तिकि'.

तिनं दारात उभ्या साहेबांना विचारलं, "साहेब, या खुर्चीत आणखी कोण बसायचं हो?"

"तुझी आत्या. तिच्यामागं कोण बसणार? यंत्राला खुर्ची लागते का?" साहेब क्षणभर थांबले. "ती जेवायला गेली की वाजवायला तिनं आपला आवाज भरून ठेवलेला असायचा. जाताना तेवढाच घेऊन गेली."

शंकेनं चावी साहेबांच्या हातात परत ठेवली आणि तिघं बाहेर पडली.

"म्हणजे टायपिंगच्या नावाखाली आत्या मॉड करते?" उचापतीचे डोळे कुकरच्या झाकणाएवढे झाले. "माझ्याहून भारी?"

"आणि तो जाडाभरडा आवाजही तिचाच," भिंगरी हळूच म्हणाली. "तिला बोलता येतं. तिचं ऐकायला कुणी थांबतच नाही."

"चला, घरी सांगू!"

"नाही!" भिंगरीनं त्याची बाही धरली. "आपण सांगितलं, की पुन्हा तिच्या वतीनं आपणच बोललो. बाबांनीही तेच केलं ना? त्यांना तिथं न्यायचं. बाकी कुकर बघून घेईल."

संध्याकाळी बाबा चहा घेत बसले होते. आत्या कोपऱ्यात बॅग भरत होती. उचापतीनं कॉम्प्युटर खाली आणून टीव्हीला जोडला आणि मोठ्यानं उसासा टाकला.

"छे! हा धक्का भलताच अवघड आहे. इथं यान लावणं कुणाच्या बापाला जमणार नाही."

"काकांना तर मुळीच नाही," शंका म्हणाली. "त्यांना नुसती पाण्यावरची सवय."

बाबांनी कप खाली ठेवला. "काय म्हणालात? अरे, मी डोळे मिटून बोट लावतो! आण इकडं ते. हे काय? कुकर?"

"तोंड वळवा, बाबा!"

"शिकवू नकोस!" बाबांनी कुकर असा अलगद आणला, की फळीला धक्कासुद्धा लागला नाही. मग ते पुढं वाकले. "अगं, ही पायरी... हा आपला धक्का आहे! ती वाकडी पायरी! आणि हा फाटका पडदा!"

भोंगा खरखरला. "बोट निघाली हो, बोट निघाली..."

आईच्या हातातली चाळणी तशीच राहिली. आत्याचे हात बॅगेत थिजले. "जाणाऱ्यानं एकदा मागं पाहावं, राहणाऱ्यानं हात हलवावा!" आवाज थांबला. बाबा निघायला घाईघाईनं बटणं दाबू लागले, पण कुकर ढिम्म हलेना.

"शिट्ट्या व्हायच्यात," उचापती म्हणाला. "थांबावं लागेल, काका."

पहिली शिट्टी. दुसरी. आणि मग, "कुणी थांबलंय का?"

बाबांनी खेळाचा रिमोट मांडीवर ठेवला. "हे कुणी केलं?"

"आम्ही नाही सांगणार," भिंगरी म्हणाली. "ज्यानं केलं, त्यानं सांगावं. आम्ही फक्त खिडकी शोधली."

आई कधी पडद्याकडं, कधी आत्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "एका छपराखाली राहून आम्हाला ऐकू आलं नाही, ते तुम्हाला चंद्रावर ऐकू आलं! शाबास रे पोरांनो. कान असावेत तर असे."

"शाबास खरंच," बाबा म्हणाले. "मी नुसता बोट लावायला शिकलो. थांबायला नाही शिकलो." ते उठले आणि आत्यासमोर जमिनीवरच बसले. "ताई, रविवारचं... मी विचारलं, पण उत्तर ऐकायला थांबलोच नाही. आता थांबलोय. तुला जायचंय का?"

आत्याची मान सवयीनं खाली झुकली. झुकली, आणि तिथंच थांबली. तिनं भिंगरीकडं पाहिलं. भिंगरीनं हात वर केला आणि हलवला, धक्क्यावर हलवायची तसाच.

तिसरी शिट्टी झाली. कुकर उडायला तयार होता, पण कुणी बटण दाबलं नाही.

आत्याच्या गळ्यातलं जातं घरघरलं, अडलं, पुन्हा फिरलं.

"नाही," ती म्हणाली. "मला नाही जायचं."