ओला अंगठा

काम तसं चहा गार व्हायच्या आत आटपण्यासारखं होतं.

कोर्टासमोर, औषधांच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर वकिलांचं एक ऑफिस होतं. तिथे ती उमेदवारी करत होती. आवाज इतका बारीक की सगळे तिला चिमणीच म्हणत. "ही बोलायला उभी राहिली की न्यायाधीशांना कानात यंत्र बसवावं लागणार," असं थोरले वकील, म्हणजे साहेब, आल्यागेल्या पक्षकाराला सांगत, आणि पक्षकार हसत. चिमणी हसत नसे, पण उलट बोलतही नसे. उमेदवारी पुरी झाल्याचा दाखला साहेबच देणार होते, आणि त्याशिवाय तिला वकील होता येणार नव्हतं.

त्या दुपारी आभाळ भरून आलं होतं. वीज गेलेली. साहेबांनी तिच्यापुढे एक मृत्युपत्र सरकवलं. खाली निळ्या शाईचा अंगठा होता.

"इथे सही कर. साक्षीदार म्हणून."

"बाई कुठे आहेत?"

"हॉस्पिटलात. काल संध्याकाळी मी जाऊन अंगठा घेतला."

"पण मी पाहिलं नाही, साहेब..."

"वाच ना काय लिहिलंय. 'माझ्या डोळ्यांदेखत अंगठा केला.' लिहिलंय म्हणजे पाहिलंस. दाखला हवाय की नको?"

घर पुतण्याला, एवढंच तिला दिसलं. आईचं आजारपण काढणारी मुलगी ऑफिसात दोनदा येऊन गेली होती; तिचं नाव कुठेच नव्हतं. चिमणीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने ती गिळली आणि सही केली.

मग ती साहेबांचा कप घेऊन मागे मोरीवर गेली. नळाला हात लावणार तोच थांबली. तोटीवर निळा अंगठा उमटला होता. तिने स्वतःची बोटं उलटसुलट पाहिली. स्वच्छ होती. फडक्याने तोटी घासली. ठसा पुसला गेला नाही, वाळलाही नाही. आणि फिनेलचा वास यायला लागला, हॉस्पिटलात येतो तसा; त्यात शाईचा ओलसर वास मिसळलेला.

परतताना मीटिंगच्या खोलीचं दार अर्धवट उघडं दिसलं. आतल्या अंधारात खुर्चीवर एक म्हातारी बसली होती. बसली कसली, ठेवली होती. मान खांद्यावर पडलेली. तिचं मनगट एका हाताने धरलं होतं. त्या हाताला सोनेरी पट्ट्याचं घड्याळ होतं, आणि कोपराच्या पुढे नुसता काळोख. त्या हाताने म्हातारीचा अंगठा शाईत दाबला, मग टेबलावर दाबला. सावकाश, चिमणीला नीट दिसेल असा. मग मनगट सोडून दिलं. म्हातारीचा हात ओल्या फडक्यासारखा खाली घसरला आणि लोंबत राहिला.

मान तेवढी हळूच दाराकडे वळली.

"आता... पाहिलंस?"

ओठ हलले नव्हते. चिमणीच्या हातून कप पडून फुटला. पुन्हा पाहिलं तर खुर्ची रिकामी होती.

ती धडपडत बाहेर आली. बाहेरच्या बाकावर म्हातारीची मुलगी बसलेली. डोळे सुजलेले.

"ताई, साहेब आहेत का? आई गेली, त्यावरून त्यांना एक विचारायचं होतं. काल सकाळीच गेली."

"सकाळी? पण साहेब तर संध्याकाळी..."

"हो, आईच्या पुतण्याला घेऊन आले होते. शेवटचं दर्शन म्हणाले. मला कागदपत्रं आणायला खाली पाठवलं." ती आपल्या पदराकडे बघत राहिली. "वर आले तर आईचा अंगठा निळा. इतका पुसला हो मी... जाईचना."

चिमणीची भीती कुठल्या कुठे गेली. उरला तो नुसता राग. तिने त्या बाईचा हात धरला आणि दार न ठोठावता साहेबांच्या खोलीत शिरली.

"साहेब, मी पाहिलं."

"शहाणी पोर!"

"खरंच पाहिलं! मेलेल्या बाईचा हात धरलात तुम्ही. याच घड्याळाच्या हाताने. सोडलात तेव्हा तो खाली लोंबला. साक्षीदार हवा होता ना तुम्हाला? ही घ्या साक्षीदार!"

खालच्या दुकानातली माणसं वर बघायला लागली, एवढा तो आवाज होता.

"चिमणे, दाखल्याचं काय ते विसरलीस वाटतं!"

"घाला चुलीत तो दाखला!"

तिने मृत्युपत्र ओढलं आणि आपल्या सहीवर पेन असं फिरवलं की कागद फाटला. साहेबांनी तो हिसकावून घेतला. उजेडात धरला. मग त्यांचा चेहरा उतरला. अंगठ्याच्या जागी कागद कोरा होता.

"शाई... शाई कुठे गेली?"

ते कागद घेऊन खिडकीकडे वळले. त्यांची पाठ आता या दोघींकडे होती.

मुलीने चिमणीचा हात घट्ट दाबला. साहेबांच्या मानेवर, कॉलरच्या जरा वर, एक निळा अंगठा होता. ओला.

दोघी बघत असतानाच त्याच्या शेजारी दुसरा उमटला. मग तिसरा, गळ्याच्या बाजूला.