न लावलेला दिवा

“दीपगृहाचा दिवा वेळेवर लागला होता. मृत्यू पर्यटकाच्या निष्काळजीपणामुळे झाला.”

चौकशी अहवालातली ही दोन वाक्यं. पुढे आहे ते प्रत्यक्ष घडलेलं. अधिक विश्वासार्ह काय, हे वाचणाऱ्याने ठरवावं.

पहिल्या वाक्याचा साक्षीदार एकच : कुंडलिक, दिवा लावणं हीच ज्याची नोकरी. दुसऱ्या वाक्याचा आधार पहिलं वाक्य. अशा गोल फिरणाऱ्या युक्तिवादाला कार्यालयात निष्कर्ष म्हणतात.

भरतीत बुडून मेला तो जुन्नरचा अंकित, हर्षाचा धाकटा भाऊ. मासळीचा वासही न सोसणाऱ्या जैन घरातला हा मुलगा कोकणातल्या कोळीवाड्यात गेला तो पक्षी पाहायला. पाणी त्याला ठाऊक होतं ते येडगाव धरणाचं; सकाळी जिथे असतं, तिथेच संध्याकाळी असणारं. ओहोटीने उघड्या पडलेल्या वाळूवर तो कुरव पक्ष्यांमागे दूरवर गेला. तिथून त्याने फोन केला होता.

“ताई, दीपगृहावरचे कुंडलिकभाऊ आपल्या पिंपरी पेंढारचे निघाले! म्हणाले, दिवा लागला की मागं फिरा, भरती येते. अजून लागला नाही.”

हा फोन ‘ऐकीव माहिती’ ठरला.

वर्षभर अर्ज करून थकलेली हर्षा २०२४च्या मार्गशीर्ष अमावास्येला त्याच किनाऱ्यावर उभी राहिली. सूर्य नुकताच बुडाला होता.

“मी तुमच्याच तालुक्याचा, ताई,” कुंडलिक म्हणाला. “आपल्या माणसाशी खोटं बोलंन व्हय?”

“आपलं माणूस म्हणूनच त्याने तुमच्यावर विश्वास ठेवला.”

“दिवा लागला व्हता. सायबांनी लिवलंय की तसं!”

तेवढ्यात वाळूवरचे सगळे कुरव एकदम उडाले...

आवाज मात्र एकाचाही नाही.

लाटांचाही नाही.

मग बंद दीपगृहाच्या आत... लोखंडी जिन्यावर पावलं.

सावकाश. वर चढणारी.

कुंडलिक तिच्या शेजारीच होता. किल्ली त्याच्या मुठीत.

वर दिवा लागला.

त्या उजेडात दारापुढच्या कातळावर तिला दिसली... ओली पावलं. समुद्राकडून निघून कुलूपबंद दारापर्यंत आलेली.

परतीची नव्हती.

“कोण आहे आत?”

कुंडलिकने मूठ उघडून किल्ली तिला दाखवली.

तो जे बोलला, ते तिने कार्यालयाला शब्दशः कळवलं. अहवाल अजून तोच आहे. जुन्नरच्या घरात तिन्हीसांजेला हर्षा दिव्याच्या बटणाकडे हात नेते... आणि थांबते. आधी जिन्याचा कानोसा घेते.

कुंडलिकचे शब्द असे :

“त्या सांजंला मी दिवा लावलाच न्हाई, ताई. जेवून पडलो, डोळा लागला त्यो राती उघडला. तवापासून रोज त्योच लावतोय... मी फकस्त इझवतो.”