पाचव्या चाकाचा ठोका

ज्यांना खोटं वाटेल त्यांनी खुशाल खोटं म्हणावं. मला कुणाची खात्री पटवायची नाही.

घडलं ते माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत. उत्तरामावशीच्या. धारवाडात, सप्तापूरला, तिच्या घराच्या अंगणात.

रात्र नव्हती. अमावस्या नव्हती. चौदा मे २०२४, मंगळवार, दुपारचे चार. ऊन असं की फरशीवर अनवाणी पाय ठेवायची सोय नाही. गल्लीत पोरं क्रिकेट खेळत होती.

मावशीने हुबळीत लॅमिंग्टन रोडवरच्या एका शाळेत तीस वर्षं पीटी शिकवली. लग्न केलं नाही. रोज बसने धारवाड-हुबळी, हुबळी-धारवाड. रिटायर झाल्यावर तिने सोनं घेतलं नाही, फ्लॅट घेतला नाही. अळणावरच्या एका घरातून जुनी घरगाडी घेतली. मोठी व्हॅन, आत पलंग, शेगडी, पाण्याची टाकी. ज्या म्हाताऱ्याने ती हौसेने बांधून घेतली होती, तो वारला होता.

जो येई तो एकच विचारी, "ड्रायव्हर कोण?"

"मी."

मग समोरचा हसे. सगळ्यात जास्त हसला तिचा धाकटा भाऊ, बाळकृष्णमामा. "अक्का, तू? घाटात?"

तर त्या मंगळवारी मावशी गाडीत पडदे लावत होती.

ठप्…

बाहेरून. पुढच्या उजव्या चाकावर. लॉरीवाले निघण्याआधी लोखंडी दांडा मारून हवा बघतात ना, अगदी तसा.

ठप्… मागचं उजवं.

ठप्… मागचं डावं.

डब्… पुढचं डावं. तिथेच पुन्हा. डब्. डब्.

तिने खिडकीतून बघितलं. कोणी नाही. खाली उतरून वाकून बघितलं. गाडीपलीकडे कुणाचे पाय नाहीत.

मग गाडीच्या पोटाखाली, मागच्या बाजूला, जिथे स्टेपनी टांगतात, तिथली साखळी हलली. जागा रिकामी होती. गाडी स्टेपनीशिवायच विकली होती त्या लोकांनी.

साखळी हलली… आणि थांबली.

पाचवा ठोका आलाच नाही.

"चार ठोक्यांना मी भ्याले नाही गं," मावशी सांगते. "पाचवा यायचा होता आणि आला नाही, तेव्हा अंगावर काटा आला."

बुधवारी चारला तेच. गुरुवारी तेच. त्या चौथ्या चाकाशी आलं की डब्.

तिने ते चाक नीट पाहिलं. वरची नक्षी शाबूत. पण बाजूच्या रबराला टाचेला पडतात तशा बारीक भेगा.

शुक्रवारी गाडी थेट गोकुळ रोडला, मंजुनाथच्या टायरच्या दुकानात. त्याने टायरवरचे चार आकडे बोटाने पुसून वाचले. "दोन तीन एक पाच. पंधरा सालचा तेविसावा आठवडा. नऊ वर्षं झाली, अक्का. गाडी चालली नाही म्हणून झिजले नाहीत, पण रबर मेलंय. चारही तसलेच."

"चारही बदल."

"कारचे घालू? स्वस्तात बसतील."

"आत टाकी आहे, पलंग आहे, मी आहे. कारचे टायर एवढं पेलतील? त्यांना किती वजन झेपतं तो आकडा दाखव आधी."

तो वरमला. मग विचारलंच त्याने, "ड्रायव्हर कोण?"

"तुझ्यासमोर उभी आहे."

वजन पेलणारे चार नवे बसले. स्टेपनीची वेळ आली तसा मंजुनाथ म्हणाला, "बेडा अक्का, नको, नवीन कशाला? स्टेपनीला नवीन कोण घालतं? जुन्या चारातला त्यातल्या त्यात बरा टांगू. आतली लोखंडी डिस्क मी देतो. सगळे असंच करतात."

मावशी हो म्हणाली. जन्मात एकदाच सगळ्यांसारखं वागले, असं म्हणून ती अजून स्वतःला शिव्या घालते.

शनिवारी मामा आला. गाडीला गिऱ्हाईक बघितलंय म्हणाला. ह्याला विचारलं होतं कुणी? दोघं अंगणात चहा पीत होते.

चार वाजले.

ठप्… ठप्… ठप्… ठप्… चारही भरदार.

मग पाचवा.

डब्.

डब्. डब्. डब्. डब्…

थांबेचना. गाडीखाली निजून कुणीतरी जीव तोडून मारतंय, असा. टांगलेली स्टेपनी गदागदा हलत होती. आणि गाडीखाली… नुसती सावली.

मामाच्या हातातला कप फुटला. "अक्का, विकून टाक ही. सोमवारच्या आत वीक. नाहीतर पूजा घालून शांत कर ते काय आहे ते."

"कशाला शांत करू?" मावशी कडाडली. "खोटं बोलतोय का तो? मेलेलं रबर टांगलंय मी. अख्ख्या हुबळी-धारवाडात एकाने मला खरं सांगितलं, तर त्यालाच हाकलू?"

तिने गाडी विकणाऱ्या रूपाला फोन लावला. रूपा त्या म्हाताऱ्याची मुलगी.

"रूपा, तुझे अप्पा चाकं ठोकून बघायचे?"



"तुम्हाला कोणी सांगितलं?" रूपाचा आवाज फाटला. "निघण्याआधी बघायचे. पाचही. ते गेले त्या दिवशी चारच बघून झाली होती. आम्हीच घाई केली, अक्का. चला चला म्हणून ओढलं…"

फोन कटला. पुन्हा लागला नाही. आजपर्यंत नाही.

सोमवारी परत गोकुळ रोड. मंजुनाथने दोन नवे टायर काढून भिंतीला टेकवले. "हा घ्या नाहीतर तो घ्या. दोन्ही सारखेच."

भिंतीवरच्या घड्याळात चार वाजले होते.

ठप्… डावीकडच्यावर.

डब्… उजवीकडच्यावर.

मंजुनाथच्या हातात काही नव्हतं. तो टायरपासून चार हात लांब उभा होता.

मावशीने वाकून उजवीकडच्याचे आकडे वाचले. पाच वर्षं पडून राहिलेला माल. "हे सारखे?"

मंजुनाथने डावीकडचा उचलला आणि चढवायला घेतला. 

मंगळवारी निघायचं ठरलं. चार वाजता. मुद्दाम चार वाजता.

मामा लिंबू-मिरची घेऊन गेटात उभा. मावशीने ती त्याच्याच स्कूटरला बांधायला लावली.

ठप्… ठप्… ठप्… ठप्…

ठप्.

पाचही. साखळीसुद्धा हलली नाही.

मावशी किल्ली घेऊन पुढे झाली.

तेवढ्यात ड्रायव्हरचं दार उघडलं… आणि लागलं.

काचेतून दोघांनीही पाहिलं. सीट खाली दबली. जड माणूस बसल्यावर दबते तशी. स्टिअरिंग जरासं वळलं.

"अक्का, मागे हो!" मामा गेटाबाहेर पोचला होता.

मावशी मागे झाली नाही. तिने दार उघडलं.

"एळ्री अप्पा. उठा," ती म्हणाली. "चाकं बघितलीत, उपकार झाले. पाचवंही बघितलंत. आज कुणी घाई केली नाही. पण ह्या गाडीचा ड्रायव्हर मी आहे. सख्ख्या भावाचं ऐकलं नाही, तुमचंही ऐकणार नाही. सरका."

काहीच झालं नाही…

ती उन्हात तशीच उभी. गल्लीतल्या पोरांनीसुद्धा खेळ थांबवला होता.

मग सीटचा खड्डा हळूहळू वर आला.

आणि… डावीकडची सीट दबली.

मावशी चढून बसली. मे महिन्यात, उन्हात उभ्या गाडीत, तिची सीट बर्फासारखी गार होती. तिने गाडी काढली आणि दांडेलीच्या रस्त्याला लागली.

त्याला वर्ष उलटून गेलं. मावशी गोकर्णला जाऊन आली, हंपीला जाऊन आली, कन्याकुमारीपर्यंत पोचली. एकटीच चालवते. फोनवर बोलताना चार वाजले की मागे ठोके ऐकू येतात. मी मोजते. पाच होईपर्यंत श्वास सोडत नाही.

घाई झाली त्या दिवशी अप्पा कुठे निघाले होते, कसे वारले, आम्हाला अजून कळलेलं नाही.

मावशी सुट्टी आली की बोलावते. "ये की गं, भित्रट कुठली!"

मी भित्री नाही. मला मागे बसलं की गाडी लागते. पुढेच बसावं लागतं.

पण पुढे बसायचं कुठे?