सत्यपारखी

'अणुरेखा' कंपनीच्या तळेगावच्या प्रयोगशाळेत शिरताच प्रतिस्पर्धी कंपनीच्या त्या दोघांनी आधी धोक्याच्या भोंग्यांच्या तारा तोडल्या, मग पहारेकऱ्याला गोळी घातली. आता डॉ. शर्वाणी टिपणीस खुर्चीला बांधलेल्या होत्या आणि समोर त्यांचे सहकारी दिनकर ओंबळे यांचा उजवा हात त्या दोघांनी सोबत आणलेल्या 'सत्यपारखी' यंत्राच्या पोलादी पंजात अडकला होता.

"यात आमच्या कंपनीची नवी चिप आहे," म्होरक्या म्हणाला. "मागच्याच महिन्यात जाहीर झाली, वाचलं असेल. आवाजावरून खोटं पकडते. बाई खोटं बोलल्या की लाल दिवा, आणि पंजा आपोआप साहेबांचं एक बोट मोडणार. बोला, तुमच्या नव्या चिपचा नमुना कुठाय?"

"नमुना नाहीच." शर्वाणींचा आवाज थरथरत होता. "घोषणेच्या समारंभात दाखवलं ते रिकामं कवच होतं."

लाल दिवा. कडकन हाड मोडलं. ओंबळे किंचाळले.

"चिपच नाही, तर जाहीर कशाला केलीत?"

"तुम्ही तुमची जाहीर केलीत म्हणून! सहा महिन्यांत याहून सरस येतेय म्हटलं की गिऱ्हाईक आज खरेदी करत नाही, थांबतं. तेवढ्या वेळात आम्ही ती बनवणार होतो."

पुन्हा लाल. दुसरं बोट.

"आमची कंपनी असले धंदे करत नाही बरं का, बाई," साथीदार हसला.

शर्वाणी दिव्याकडे पाहत राहिल्या. दोन्ही वेळा त्या खरंच बोलल्या होत्या. म्हणजे जाहीर झालेली चिप या यंत्रात नव्हतीच. आत जुनीच होती, फक्त आवाजातला कंप मोजणारी. आणि या दोघांनी आपल्याच कंपनीच्या घोषणेवर विश्वास ठेवला होता.

त्यांनी खोल श्वास घेतला आणि पाढा म्हणावा तशा सपाट सुरात सांगितलं, "नमुना मागच्या खोलीत आहे. सर्वांत खालच्या कप्प्यात."

हिरवा.

दोघेही आत धावले. दार आपोआप मिटलं. सिलिकॉनच्या तबकड्यांना हवा लागू नये म्हणून ती खोली नायट्रोजनने भरलेली असे. त्याला वास नसतो, गुदमरल्याचंही कळत नाही. प्राणवायू नसल्याचा इशारा देणारा भोंगा त्यांनीच मुका केला होता.

एकामागोमाग दोन शरीरं पडल्याचा आवाज आला. मग काहीच नाही.

ओंबळ्यांचा हात अजून पंजातच होता. "मॅडम," ते कण्हत म्हणाले, "मेले का हो ते?"

शर्वाणींनी आजवर कुणावर हातही उगारला नव्हता. त्यांना हुंदका आवरेना.

"मेले," त्या म्हणाल्या.

लाल दिवा लागला.