काळ्याला काळी

कोलशेतच्या कारखान्यात मी सव्वीस वर्षं वायरमन होतो. हे आधी सांगतो, कारण पुढचं वाचून कुणी म्हणेल की जोडणीत चूक झाली असेल. जोडणी बरोबर होती. मी मीटर लावून बघितली होती.

कॉम्प्युटर माझ्या बायकोचा, सगुणाचा. ती घरी त्यावर लग्नपत्रिकांची अक्षरं जुळवायची आणि तिचा धाकटा भाऊ पोपट डोंबिवलीत त्या छापायचा. सप्टेंबरात आमच्या वनिताचं लग्न ठरलं, तेव्हा तिची पत्रिका सगुणाने लगेच जुळवून ठेवली. फक्त तारीख कोरी सोडली. नोव्हेंबरात सगुणा गेली. लग्न वर्षाच्या आत करायचं ठरलं, मे महिन्यात. पत्रिका तिच्याच हातची छापायची, एवढा माझा हट्ट होता. तिच्या नावापुढचं 'सौ.' काढून 'कै.' लिहायचं, तारीख भरायची, झालं.

पण कॉम्प्युटर पाच महिने बंद होता. खाडीची हवा खारी. चालू केला तर पडद्यावर नुसते हिरवे पट्टे. डिस्प्ले कार्ड गेलं होतं. ठाण्याच्या दुकानात एकच कार्ड शिल्लक होतं, गेम खेळणाऱ्यांसाठीचं, वर छोटा पंखा असलेलं. त्याला करंट जास्त लागतो म्हणून पॉवर सप्लायही नवा घेतला.

सतरा एप्रिल, शुक्रवार. सकाळी नऊला पोपटाचा फोन आला.

"दाजी, बारापर्यंत फ्लॉपी आली पाहिजे. नाहीतर मी माझ्या टायपात जुळवतो. मशीन दुपारनंतर मोकळं नाही."

"येईल."

"ताईने तुम्हाला शिकवलंय ना सगळं?"

"मीच शिकवलंय तिला," मी म्हणालो.

खोटं नव्हतं. पॉवर सप्लायमधून मदरबोर्डाला दोन प्लग येतात, दिसायला सारखे. अदलाबदल झाली तर बोर्ड जळतो. म्हणून दोन्हींच्या काळ्या वायरी मधोमध शेजारी आल्या पाहिजेत. काळ्याला काळी. हे तिला मी एकदाच सांगितलं होतं. ती हसून म्हणाली होती, "कळलं. काळ्याला काळीच मिळते." माझं नाव काळुराम, आणि ती रंगाने माझ्याहून सावळी.

मी काळ्याला काळी लावली. कार्ड खाचेत दाबून बसवलं, स्क्रू पिळला. चार पिनांचा प्लग पंख्याला दिला. बटण दाबलं.

एक लांब शिट्टी, दोन आखूड. म्हणजे कार्ड सापडत नाही. सगळं ठीक असेल तर एकच आखूड शिट्टी येते.

कार्ड बाहेर काढलं. त्याच्या सोनेरी पट्ट्या खोडरबराने घासल्या. सीलबंद पाकिटातलं नवं कार्ड, तरी रबराचा चुरा पिवळा पडला. वास घेतला. हळदीचा होता. सगुणा घरात आलेल्या प्रत्येक नव्या वस्तूला हळदकुंकू लावायची. पण हे कार्ड काल आलं होतं. माझ्याच हाताला असेल, असं म्हणून मी हात धुऊन आलो.

पुन्हा बसवलं. पुन्हा एक लांब, दोन आखूड. पंखा हलत नव्हता. बंद करून मी प्लग उपसला आणि मीटरच्या सुया त्यात घातल्या.

"वनिता, बटण दाब."

तिने दाबलं. पिवळ्या वायरीवर बारा, लालवर पाच. प्लग चोख होता. तेवढ्यात एकच आखूड शिट्टी झाली आणि पडदा उजळला.

"लागलं!" मी म्हणालो.

वनिता पडद्याकडे बघत नव्हती. "बाबा, पंखा फिरतोय."

"मग? फिरणारच."

"प्लग तुझ्या हातात आहे."

मी बघितलं. होता. "खाचेतून मिळत असेल त्याला," मी म्हणालो. तसं असू शकतं. अकरा वाजत आले होते. मी प्लग तसाच लोंबता ठेवला.

कॉम्प्युटरचं घड्याळ एक जानेवारी १९८० दाखवत होतं, कारण आतला सेल मेला होता. फाइल उघडली. खाली सगुणाची नेहमीची ओळ होती, 'अक्षरजुळणी : सगुणा, कोलशेत', आणि पुढे तिने हाताने टाइप केलेली सप्टेंबरातली तारीख. ती मी तशीच ठेवली. 'सौ.' पुसलं. 'कै.' लिहायला दोन मिनिटं लागली. एवढं एक अक्षर. लग्नाची तारीख भरली. प्रिंटर चालू केला.

कागद वनिताने उचलला. वाचला. मग माझ्याकडे न बघता पुढे केला.

कै. काळुराम दामाजी भोईर. श्रीमती सगुणा काळुराम भोईर.

"ही काय थट्टा आहे, बाबा?"

पडद्यावर मी लिहिलेलंच होतं. श्री. काळुराम, कै. सगुणा. दुसरा कागद काढला. तेच. तिसरा काढला.

"मम्मी असं मेली तरी लिहिणार नाही," वनिता म्हणाली, आणि स्वतःचेच शब्द ऐकून तिने तोंडावर हात ठेवला.

खरं होतं. दुसऱ्यांच्या पत्रिकेत 'कै.' लिहिताना सगुणा मला बजावायची, "तुमच्या नावाआधी हे माझ्या हातून यायचं नाही. मी सवाष्ण जाणार." गेलीही तशीच. पण हॉस्पिटलच्या जिन्यात उभा राहून मी एकवीरा आईला म्हणालो होतो, मला ने, हिला ठेव. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

कागदाच्या तळाशी तिची ओळ होती. अक्षरजुळणी : सगुणा, कोलशेत. पुढची तारीख सप्टेंबरातली नव्हती.

१७-४-९८.

वनिता आत गेली. मी पोपटाला फोन लावला.

"तू जुळव, तुझ्या टायपात."

"काय झालं, दाजी? ताईचीच पाहिजे म्हणत होतात."

"ती इथेच राहू दे."

"मग ताईच्या नावापुढे..."

"कै.," मी म्हणालो. पहिल्यांदाच तोंडाने म्हणालो. "कै. सगुणा."

मग मी कॉम्प्युटर बंद केला. भिंतीवरचं बटण बंद केलं, वायरही काढली. पडदा काळा झाला. पॉवर सप्लायचा मोठा पंखा थांबला.

कार्डावरचा छोटा पंखा फिरत होता.

त्याचा प्लग खाली लोंबत होता. तो हातात घेऊन मी खुर्चीवर बसलो. वायरमनला एक गोष्ट पक्की माहीत असते. पंखा फिरतोय म्हणजे कुठूनतरी करंट येतोय. कुणीतरी जोडणी केली आहे.

आतल्या खोलीत वनिता नाक ओढत होती. मी हळू आवाजात विचारलं, "सगुणा, काळ्याला काळी लावलीस ना?"

शिट्टी झाली. एकच, आखूड.